कुत्र्या-मांजरांचं पोट बिघडल्यावर: घरी काय बघायचं, काय द्यायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

कुत्र्याला जुलाब लागले की सोलापुरातल्या बऱ्याच घरांत एक ठरलेला क्रम असतो. पहिल्या दिवशी दही-भात, दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून आणलेली माणसांची जुलाबाची गोळी आणि तिसऱ्या दिवशी दवाखाना. यातल्या दही-भाताने फारसं नुकसान होत नाही. गोळीने होऊ शकतं. आणि पिल्लू किंवा मांजर असेल तर तिसरा दिवस फार उशिराचा ठरतो.

पोटाच्या दुखण्यात निदानाचा मोठा भाग घरातच होतो. उलटी जेवणानंतर किती वेळाने झाली, शी दिवसातून किती वेळा आणि किती झाली, तिच्यात काय होतं, हे डॉक्टरांना टेबलावर दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचं असतं. शक्य असेल तर उलटीचा आणि शीचा फोटो काढा, ओकतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. किळस वाटेल, पण पाच मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ जास्त कामाचा.

आधी हे तपासा: थांबण्यासारखं आहे का?

खालीलपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ रिक्षा बोलवा.

- ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, आणि पोट फुगत चाललंय
- हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा विटकरी लाल दिसतात
- शी काळी, चिकट, डांबरासारखी आहे, किंवा नुसतंच रक्त पडतंय
- प्यायलेलं पाणीसुद्धा दर वेळी उलटून पडतंय
- सहा महिन्यांच्या आतलं, लस अपुरी असलेलं पिल्लू उलट्या-जुलाब दोन्ही करतंय
- उंदराचं औषध, थिमेट, फवारणीचं औषध किंवा माणसांच्या गोळ्या खाल्ल्याची शंका आहे
- उन्हात राहिल्यानंतर धापा, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झालेत
- बोका पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय

पहिला प्रकार जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जास्त दिसतो. जठर हवेने फुगतं आणि स्वतःभोवती पिळा घेतं. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रं दगावतं. यावर ओवा, सोडा, इनो असलं काहीही चालत नाही. जठरातली हवा काढून पिळा सोडवायला शस्त्रक्रियाच लागते. त्याच वेळी जठर पोटाच्या भिंतीला शिवून घ्यायला सांगा, नाहीतर पिळा पुन्हा पडण्याची शक्यता बरीच असते.

शेवटच्या प्रकारात लोक सर्रास फसतात. बोका कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठ, असं समजून एरंडेल पाजलं जातं. पुष्कळदा खरी अडचण लघवी तुंबण्याची असते. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रेतीच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे दिसत नसतील आणि मागच्या पायांच्या पुढे, खालच्या पोटात लिंबापेक्षा मोठा कडक गोळा लागत असेल तर तो दाबून बघू नका. लगेच निघा.

उन्हाच्या बाबतीत एक फरक आहे. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर बांधलेल्या कुत्र्याचं अंग ४१ अंशांवर गेलं की आतड्याचं अस्तर मरायला लागतं, म्हणून रक्ताचे जुलाब होतात. इथे आधी गार करा आणि मग निघा. अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा. बर्फ नको. तापमान ३९.४ अंशांवर आलं की पाणी थांबवा.

मोजमाप

आणीबाणी नसेल तर पुढची पाच मिनिटं मोजमापाला द्या. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात एक-दोन सेंटिमीटर सरकवा. कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२, मांजराचं ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. माणसाचा ताप डोक्यात ठेवून '१०२ म्हणजे ताप' असं इथे धरू नका. १०२ फॅरनहाइट त्यांच्यासाठी ठीकच आहे.

वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट फिरवा. ओली आणि गुळगुळीत लागली तर ठीक, चिकट लागली तर पाणी कमी पडतंय. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. मग खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून उचला आणि सोडा. लगेच खाली बसली तर चांगलं. हळूहळू बसली तर शरीरातलं पाणी वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के घटलेलं असतं. उभीच राहिली आणि डोळे खोल गेलेले असतील तर १० टक्क्यांच्या पुढे. म्हाताऱ्या, रोड जनावरात कातडी तशीही सैल असते आणि लठ्ठ जनावरात चरबी कमतरता झाकते. म्हणून कातडीपेक्षा हिरडीवर जास्त भरवसा ठेवा.

वजनही लिहून ठेवा. वजनकाट्यावर आधी जनावराला घेऊन उभं राहा, मग एकटं. पुढचा सगळा हिशोब वजनावर चालतो.

वरून काय येतंय, खालून काय जातंय

खऱ्या उलटीत पोट आणि बरगड्या जोर लावतात. त्याआधी लाळ, ओठ चाटणं, अस्वस्थपणा असतो, आणि बाहेर आलेल्यात पिवळं पित्त किंवा अर्धवट पचलेलं अन्न असतं. दुसऱ्या प्रकारात जोर अजिबात लागत नाही. मान खाली घातली की गिळलेलं अन्न लांबट आकारात, न पचलेलं, तसंच घरंगळून पडतं. ही तक्रार जठराची नव्हे, अन्ननलिकेची. नलिका सैल पडलेली असते, आकसलेली असते किंवा तिच्यात काही अडकलेलं असतं. अशा कुत्र्याला उलटी थांबवण्याचं इंजेक्शन देऊन काही साधत नाही. छातीचा एक्स-रे लागतो. तोपर्यंत अन्न उंचावर ठेवून उभ्याने खाऊ घाला आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं पुढचा भाग उंच धरा, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

मांजरांत अन्ननलिका आकसण्याचं एक टाळता येण्याजोगं कारण म्हणजे डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची कोरडी गोळी. ती नळीत चिकटून बसते आणि अस्तर जाळते. गोळीनंतर दर वेळी सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजायचंच.

जुलाबांत लहान आतडं आणि मोठं आतडं वेगळं ओळखता आलं तर निम्मं काम झालं. लहान आतड्याचा बिघाड असेल तर शी भरपूर आणि पातळ होते, पण दिवसातून दोन-चार वेळाच. वजन उतरतं, सोबत उलट्या असू शकतात, आणि रक्त असलंच तर ते पचून काळं झालेलं असतं. मोठ्या आतड्याच्या बिघाडात दिवसातून आठ-दहा वेळा घाईने पळावं लागतं, दर वेळी चमचाभर शी, शेंबडासारखी आव, शेवटी ताज्या लाल रक्ताचा थेंब आणि भरपूर कुंथणं. लाल थेंब बघून घरचे घाबरतात, पण कुत्रं खेळत-खात असेल तर हा दुसरा प्रकार बहुधा कमी धोक्याचा. काळी शी मात्र शांतपणे घात करते. लोहाच्या गोळ्या किंवा कलेजी खाल्ल्यानेही शी काळपट होते, तेवढं आठवून बघा.

पहिले २४ ते ४८ तास घरी

हा भाग मोठ्या, लसीकरण झालेल्या, हिंडत्या-फिरत्या जनावरासाठी आहे. पिल्लं, म्हातारी, गाभण, मधुमेही किंवा किडनीच्या आजाराची जनावरं यात येत नाहीत.

पाणी कधीही तोडायचं नाही. उलटी झाल्यावर अर्धा-एक तास पोटाला विश्रांती द्या आणि मग थोडं थोडं सुरू करा. मांजर आणि छोट्या कुत्र्याला दर १५-२० मिनिटांनी एक चमचा, मध्यम कुत्र्याला दोन-तीन मोठे चमचे. एकदम वाटीभर दिलं की जठर ताणून पुन्हा उलटी होते. दिवसाची गरज किलोमागे ५० ते ६० मिली. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला साधारण अर्धा लिटर, वर जुलाबातून गेलेलं वेगळं.

ओआरएस चालतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घोळायचं, अर्ध्या पाण्यात घट्ट करायचं नाही. चवीचं, 'शुगर-फ्री' लिहिलेलं पेय घेऊ नका. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची रक्तशर्करा धाडकन कोसळते. मांजरं ओआरएसला बहुधा तोंड लावत नाहीत. त्यांना मीठ, कांदा, लसूण न घातलेलं चिकन उकडल्याचं कोमट पाणी द्या. सिरिंजने पाजायचं तर गालाच्या कोपऱ्यातून एकेक मिली. गुंगीत असलेल्या जनावराला जबरदस्तीने काहीही पाजू नका.

शहरात नळाला रोज पाणी येत नाही, साठवलेलं वापरावं लागतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पिंपातलं, टाकीच्या तळाचं किंवा बादलीत चार दिवस राहिलेलं पाणी वाडग्यात जात असेल तर पोटाच्या तक्रारी परत परत येतात. आजारपणात उकळून गार केलेलंच पाणी ठेवा आणि वाडगा रोज घासा.

उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता फारशी धरून ठेवण्यासारखी नाही. आतड्याच्या पेशींना अन्न आतूनच मिळतं, त्यामुळे लवकर सुरू केलेलं हलकं खाणं बरं होण्याला मदत करतं. मोठ्या कुत्र्याला सतत उलट्या होत असतील तर फार तर १२ तास अन्न थांबवा. पिल्लाला इतकंही नाही, त्याची साखर उतरते. मांजराला तर उपाशी ठेवायचंच नाही. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या, विशेषतः जाड मांजराच्या यकृतात चरबी साचते, आणि तो आजार मूळ जुलाबांपेक्षा भारी पडतो.

पथ्याचं अन्न असं: कातडी आणि हाडं काढून उकडलेलं चिकन एक भाग, गुरगुट्या भात दोन भाग, दोन्ही शिजल्यानंतरच्या वजनाने. मीठ, हळद, तेल, फोडणी काही नाही. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे १०० ग्रॅम चिकन आणि २०० ग्रॅम भात, म्हणजे सव्वाचारशे कॅलरी. २० किलोच्या कुत्र्याला १५५ आणि ३१० ग्रॅम. पहिल्या दिवशी याच्या निम्म्यानेच सुरुवात करा आणि चार-पाच वेळांत विभागून द्या. चार किलोच्या मांजराला भाताची गरज नाही, दिवसाला सव्वाशे ग्रॅम उकडलेलं चिकन पुरतं. मांसाहार घरात चालत नसेल तर कुत्र्यासाठी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा गायीच्या दुधाचं, साय काढून केलेलं पनीर आणि भात. तेही नको असेल तर मुगाच्या डाळीची बिनफोडणीची पातळ खिचडी दोन-तीन दिवस चालते. मांजराचं मात्र निव्वळ शाकाहारावर भागत नाही. दूध कोणालाच नको. ज्वारीची भाकरी एरवी कुत्र्याला चालते, पण जुलाबात तिचा कोंडा आणखी ढवळतो, म्हणून आठवडाभर बंद. कडक भाकरी तर नाहीच.

मोठ्या आतड्याचे जुलाब असतील तर इसबगोल उपयोगी पडतं. लहान कुत्र्याला अर्धा चमचा, मध्यमला एक, मोठ्याला दोन, प्रत्येक जेवणात भरपूर पाण्यात भिजवून. कोरडं घातलं तर उलट अडकून बसेल. जनावरांसाठीचं प्रोबायोटिकही द्यायला हरकत नाही.

शी घट्ट झाल्यावर दोन दिवस तेच अन्न ठेवा आणि मग पाच-सात दिवसांत रोज थोडं नेहमीचं वाढवत न्या. ४८ तासांत फरक नसेल किंवा मधेच सुस्ती आली तर हा घरचा प्रयोग संपला असं समजा.

माणसांच्या गोळ्यांबद्दल स्पष्टच लिहायला हवं. पॅरासिटामॉलची एक ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसेक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, छिद्रही पडतं. 'पोट दुखतंय वाटतं' म्हणून दिलेली ही गोळी पुढच्या रक्ताच्या उलटीचं कारण असते. जुलाब बांधणारं लोपेरामाइड कोली जातीच्या कुत्र्यांत मेंदूवर परिणाम करतं, आणि जंतुसंसर्गात घाण आत कोंडून ठेवतं. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी पाजणं हाही असाच घातकी उपाय, त्याने रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात.

सोलापूरच्या घरात पोटात जाणाऱ्या वस्तू

चादरी आणि टॉवेलच्या या गावात मांजरांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सूत. यंत्रमागाच्या शेडमध्ये, शिलाईच्या घरांत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या आसपास धाग्याचे तुकडे जमिनीवर पडलेलेच असतात. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात आलेला धागा तिला थुंकता येत नाही, ती गिळतच जाते. धाग्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, उरलेला धागा आतड्यात उतरतो. आतडं पुढे सरकायला बघतं आणि पायजम्याच्या नाडीवर कापड गोळा व्हावं तसं त्या धाग्यावर चुणत जातं. ताणलेला धागा मग आतड्याची भिंत कापतो.

मांजर उलट्या करतंय, खात नाही, लपून बसलंय, तर तोंड उघडून अंगठ्याने खालच्या जबड्याच्या मधोमध खालून वर दाबा, म्हणजे जिभेचं मूळ वर येतं. तिथे धाग्याचा वेढा दिसला तर ओढायचा नाही. गुदद्वारातून लोंबणारा धागाही ओढायचा नाही. ओढलात तर आतडं आत फाटतं. सरळ शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा.

कुत्र्यांच्या बाबतीत मे-जून म्हणजे आंब्याच्या कोयी. मध्यम कुत्रं कोय अख्खी गिळतं, ती जठरात आरामात पडून राहते आणि कधी आठवड्यांनी आतड्यात उतरून अडकते. त्यामुळे 'कोय खाल्ली त्याला महिना झाला' हे सांगणं वायफळ नाही, डॉक्टरांना जरूर सांगा. मक्याचं रिकामं कणीस, मोजे, टॉवेलच्या चिंध्या याच जातीतल्या. कापड एक्स-रेमध्ये थेट दिसत नाही. दिसते ती अडथळ्याच्या मागे फुगलेल्या आतड्यातली हवा. म्हणून दोन बाजूंनी एक्स-रे आणि जोडीला सोनोग्राफी मागा.

रविवारचं मटण आणि सोमवारची उलटी हे गणितही ओळखीचं. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, आणि पचली तरी शी खडूसारखी पांढरी, कडक होऊन अडते. त्याहून वाईट म्हणजे चरबी आणि तर्री. एकदम तेलकट खाल्ल्याने स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरतं, पोटाला हात लावू देत नाही, वारंवार ओकतं. यासाठी स्वादुपिंडाच्या लायपेजची रक्तचाचणी असते, तिचं किट मिळतं. उपचार म्हणजे सलाइन, दुखणं कमी करणारं इंजेक्शन, उलटीचं औषध आणि नंतर बरेच दिवस कमी चरबीचं अन्न.

कांद्याची तर आपल्याकडे ददात नाही. कुत्र्यात किलोमागे १५ ते ३० ग्रॅम, मांजरात किलोमागे फक्त ५ ग्रॅम कांदा तांबड्या पेशी फोडायला पुरतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम, कच्चा असो वा रश्शातला. लसूण त्याहून तीव्र, त्यामुळे शेंगाचटणीतले शेंगदाणे निरुपद्रवी असले तरी चटणी नाही. आधी उलटी-जुलाब होतात आणि खरा परिणाम तीन-पाच दिवसांनी दिसतो: हिरड्या फिक्या, लघवी गडद तांबडी. द्राक्षं, बेदाणे आणि चिंच यांतल्या टार्टारिक आम्लाने कुत्र्याच्या किडन्या बंद पडू शकतात, आणि किती खाल्लं तर चालतं अशी सुरक्षित मर्यादा देता येत नाही. खाल्ल्यापासून एक-दोन तासांत दवाखान्यात पोचलात तर उलटी करवून बरंच बाहेर काढता येतं.

शेतावरच्या कुत्र्याला एकाएकी लाळ, उलटी, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या आणि थरथर अशी लक्षणं एकत्र दिसली तर फवारणीच्या औषधाची विषबाधा धरून चाला. अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा, डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो बरोबर घ्या. यावर अॅट्रोपिनचा उतारा असतो, पण तो वेळेत मिळायला हवा.

आणि गोचीड. कुत्रं खात नाही, शी काळी, नाकातून रक्ताचा थेंब, हिरडीवर लाल ठिपके, हे पोटाचं दुखणं वाटतं, पण असतो तो गोचीडताप. रक्तातल्या प्लेटलेट उतरलेल्या असतात म्हणून आतड्यात रक्त झिरपतं. आपल्या कोरड्या, गरम हवेत भिंतींच्या फटींत गोचीड वर्षभर टिकतात. त्यामुळे काळ्या शीच्या प्रत्येक कुत्र्याची रक्ततपासणी प्लेटलेटसह करून घ्यावी. डॉक्सिसायक्लिन किलोमागे १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि गोळ्या बंद होतात, तिथेच आजार परत येतो.

पार्व्हो

दीड ते सहा महिन्यांचं पिल्लू, लस नाही किंवा एकच झालेली, आधी सुस्ती, मग उलट्या, मग कुजक्या वासाचे रक्ताचे जुलाब. हे पार्व्हो धरूनच चाला. शीचा नमुना टाकून दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणारं किट असतं. आजाराच्या अगदी सुरुवातीला ते खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, आणि नुकतीच लस दिलेली असेल तर खोटं पॉझिटिव्ह. विषाणूवर नेमकं औषध नसलं तरी पिल्लं वाचतात, ती सलाइन, पोटॅशियम, ग्लुकोज, उलटीचं औषध, प्रतिजैविक आणि लवकर सुरू केलेल्या खाण्यावर. पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या असतात आणि आतड्याची भिंत उघडी पडलेली असते, म्हणून इथे प्रतिजैविक खरोखर लागतं. मांजराच्या पिल्लात याच कुळातला विषाणू तसाच आजार करतो आणि कुत्र्याचं पार्व्हो किट त्याच्यासाठीही वापरता येतं.

विषाणू अंगणात महिनोन्महिने टिकतो. फिनेलने तो मरत नाही, शिवाय फिनेल मांजरांना विषारी. आधी घाण धुऊन काढा, मग एक लिटर पाण्यात ३० मिली ब्लीच घालून फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्या. लस सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, वय १६ आठवडे होईपर्यंत. शेवटचा डोस चुकवू नका. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्फळ करू शकते.

जंत आणि शीचा नमुना

पिल्लांना दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी आठ आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. शेपटीखाली वाळलेल्या तांदळासारखे दाणे दिसले तर तो पिसवांमधून येणारा पट्टकृमी. त्याला प्राझिक्वाँटेल लागतं, आणि पिसवा घालवल्या नाहीत तर महिन्याभरात तो परत. अंकुशकृमी लहान पिल्लाचं रक्त पिऊन त्याला पांढरंफटक करतात. हेच जंत माणसांच्या लेकरांनाही त्रास देतात, तेव्हा अंगणातली शी रोज उचला.

औषध देऊनही जुलाब थांबत नसतील तर जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी तपासा. तो नेहमीच्या जंतगोळीच्या एका डोसाने जात नाही, फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिलिग्रॅम रोज तीन ते पाच दिवस द्यावं लागतं. नमुना देताना ताज्या शीचे एक-दोन चमचे स्वच्छ डबीत घ्या, फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. उन्हाळ्यात नेताना बर्फाची पिशवी जोडा. एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे जंत नाहीत असं नाही, वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या.

दवाखान्यात

सलाइनचा हिशोब समजून घ्या, कारण कमतरता इथेच राहते. वजन किलोत गुणिले घटलेल्या पाण्याची टक्केवारी गुणिले १०, एवढे मिली तूट. २० किलोचं कुत्रं ८ टक्के कोरडं असेल तर तूट १६०० मिली, वर दिवसाची गरज किमान १००० मिली, आणि जुलाबातून जातंय ते निराळं. म्हणजे २४ तासांत अर्ध्या लिटरच्या पाच बाटल्यांहून जास्त. अर्ध्या तासात एक बाटली चढवून घरी पाठवलेलं कुत्रं संध्याकाळी पुन्हा आडवं पडतं, यात नवल नाही. दाखल करण्याची सोय आहे का, हे आधी फोन करून विचारा. कातडीखाली दिलेलं पाणी फक्त सौम्य कमतरतेला पुरतं.

उलटी थांबवायला मॅरोपिटंट किलोमागे एक मिलिग्रॅम दिवसातून एकदा, किंवा ऑन्डान्सेट्रॉन. अडथळ्याची शंका असताना मेटोक्लोप्रामाइड नको, ते आतड्याला अडथळ्यावर ढकलतं. आणि प्रत्येक जुलाबाला मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक लिहिण्याची जी सवय आहे ती सोडायला हवी. साधे जुलाब त्याच्याविनाही तेवढ्याच दिवसांत थांबतात, आणि आतड्यातले चांगले जिवाणू पुढे बरेच दिवस विस्कटलेले राहतात. ताप, पांढऱ्या पेशींत मोठा बदल, पार्व्हो, रक्तात पसरलेला संसर्ग, ही प्रतिजैविकाची कारणं. 'हे कशासाठी?' असं विचारायला संकोच करू नका.

तीन आठवड्यांहून जुनं दुखणं

इथे घाईने गोळ्या बदलत राहण्यापेक्षा क्रमाने जा. शीची तपासणी आणि जंतांचा पूर्ण कोर्स, मग किडनी, यकृत, सोडियम-पोटॅशियमसह रक्त, मग आहाराची चाचणी. आधी कधीही न खाल्लेलं एकच प्रथिन किंवा जलविघटित (आधीच बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनाचं तयार अन्न, दोन आठवडे. आहाराने बरी होणारी बहुतेक जनावरं एवढ्यातच फरक दाखवतात. तरीही नाही तर ब-१२ची पातळी, सोनोग्राफी आणि शेवटी आतड्याचा तुकडा तपासणं. एंडोस्कोपी स्थानिक दवाखान्यात होत नसेल तर अडीचशे किलोमीटरवरचं पुणं गाठावं लागतं, म्हणून आधीच्या सगळ्या पायऱ्यांचे कागद एका फाइलमध्ये घेऊनच जा. हे सगळं होण्याआधी स्टेरॉइड सुरू केलं तर तुकड्यात आजार झाकला जातो.

म्हाताऱ्या मांजराची 'केसांची उलटी' महिन्यातून एक-दोनदापेक्षा जास्त होत असेल तर केसांना दोष देणं थांबवा आणि किडनी, थायरॉइड, आतड्याची सूज तपासा. मांजराला दोन दिवस शीच झाली नाही आणि लघवी नीट होतेय याची खात्री असेल तर लॅक्ट्युलोज हे शी मऊ करणारं औषध किलोमागे अर्धा मिली दिवसातून दोनदा. माणसांचा फॉस्फेटचा एनिमा मांजराला प्राणघातक आहे.

जर्मन शेफर्ड अधाशासारखं खातोय, तरी बरगड्या दिसतात, शी ढीगभर, फिकी, तेलकट: स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडताहेत. टीएलआय ही रक्तचाचणी उपाशीपोटी करा. उपचार आयुष्यभराचा, पण सोपा. प्रत्येक जेवणात पाचक रसांची पूड मिसळा. ती महाग पडत असेल तर डॉक्टरांना विचारून खाटकाकडून ताजं कच्चं स्वादुपिंड आणा, वजनाप्रमाणे प्रत्येक जेवणाला ३० ते ९० ग्रॅम, बारीक चिरून. शिजवू नका, शिजवल्यावर त्यातले पाचक घटक मरतात. एकदम आणून जेवणाएवढ्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवता येतं. सोबत ब-१२ची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी सहा आठवडे, कारण या कुत्र्यांत ते बहुतेकदा कमी असतं.